खुब्याचा गोळा गोल आहे तोवर

मैत्रिणींनो, आज आधी एक छोटीशी परीक्षा घेते. शिकवण्याचा पेशा आहे, तेव्हा एवढी मुभा द्याल ना? हातातला अंक तसाच धरून जमिनीवर बसा आणि नेहमीसारखी मांडी घाला. दोन्ही गुडघे साधारण सारखेच खाली येतात का? की एका बाजूचा गुडघा वरच राहतो आणि जांघेत, म्हणजे पोट आणि मांडी जिथे मिळतात त्या घडीत, कळ येते? संध्याकाळी यजमान घरी आले की त्यांनाही बसवून पाहा.

बहुतेकींना काही होणार नाही. डायनिंग टेबलाची सवय झालेल्यांना दोन्ही बाजू थोड्या ताठ वाटतील, त्यातही घाबरण्यासारखं काही नाही. पण एकाच बाजूची जांघ गेले तीन-चार आठवडे दुखत असेल, पायाची नखं काढताना पाय वळत नसेल, रात्री कुशीवर वळताना कळ उठत असेल, तर आजचं पान नीट वाचा आणि कापून ठेवा. कारण खुब्याच्या सांध्याचं एक दुखणं असं आहे, की ते लवकर कळलं तर स्वतःचा सांधा वाचवता येतो आणि उशिरा कळलं तर बदलावाच लागतो.

डॉक्टर त्याला अ‍ॅव्हॅस्क्युलर नेक्रोसिस म्हणतात. कागदावर नुसतं ए.व्ही.एन. असं लिहिलेलं असतं. मराठीत सांगायचं तर, रक्त न पोचल्यामुळे हाडाचा एक भाग मरणं. ‘हाड मेलं’ हे शब्द ऐकूनच घरात रडारड सुरू होते, म्हणून आधीच सांगते : हा कॅन्सर नव्हे, हा कुणापासून कुणाला लागत नाही आणि यात जिवाला धोका नसतो. धोका असतो तो चालण्या-फिरण्याला.

उखळी सांधा आणि टोकाचा नळ

शाळेच्या पुस्तकातला ‘उखळी सांधा’ आठवतो ना? मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला एक गुळगुळीत गोळा असतो. तो कमरेच्या हाडातल्या खोलगट वाटीत बसतो आणि सगळ्या बाजूंनी फिरतो. म्हणून तर आपण मांडी घालू शकतो, उकिडवं बसून भाजी चिरू शकतो, रांगोळी काढू शकतो. आपला सगळा भार या दोन गोळ्यांवर तोललेला असतो.

या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या बहुतेक नळ्या खालून, हाडाच्या मानेवरून चढत वर येतात. त्या बारीक असतात आणि त्यांना पर्यायी वाटा फार थोड्या. गंगापूर धरण काठोकाठ भरलेलं असलं, तरी गल्लीच्या अगदी टोकाच्या घरात नळाला करंगळीएवढी धार येते, तसंच हे. मधे कुठे नळी तुंबली, दाबली गेली किंवा तुटली, की टोकाचा गोळा कोरडा पडतो.

पण रक्त बंद झालं म्हणून गोळा त्याच दिवशी मोडत नाही. मेलेलं हाडही काही काळ आपला आकार धरून असतं. मग शरीर आपल्या परीने दुरुस्तीला लागतं. जुनं मेलेलं हाड काढायचं आणि त्या जागी नवं घालायचं. पंचवटीतल्या एखाद्या जुन्या वाड्याची डागडुजी पाहिली असेल तर लगेच लक्षात येईल. जुनी तुळई काढली आहे, नवी अजून बसलेली नाही आणि वरच्या मजल्यावर माणसांची ये-जा चालूच आहे! नेमक्या अशाच वेळी गोळ्याच्या कूर्चेखाली तडा जातो. एक्स-रेमध्ये तो तडा चंद्रकोरीसारखा दिसतो. कपाळावरची चंद्रकोर आपल्याला शोभते, पण एक्स-रेमधली चंद्रकोर म्हणजे गोळा आता खचू लागला, ही खूण. गोळा चपटा झाला की तो वाटीत नीट फिरत नाही, घासतो, आणि काही वर्षांत सगळा सांधाच झिजून जातो.

रक्त बंद होण्यापासून गोळा खचण्यापर्यंतचा हा जो मधला काळ आहे, कधी काही महिने, कधी दोन-तीन वर्षं, तोच आपल्या हातातला काळ. गोळा गोल आहे तोवर तो वाचवण्याच्या शस्त्रक्रिया करता येतात. एवढी एक गोष्ट लक्षात राहिली तरी माझं आजचं लिहिणं कारणी लागलं.

हे कुणाला होतं?

म्हातारपणचं हे दुखणं नव्हे. साधारण तीस ते पन्नास या वयात, म्हणजे संसाराचा गाडा ओढण्याच्या ऐन दिवसांत ते येतं. पुरुषांत अधिक, पण बायकांतही होतंच. कारणं अनेक आहेत आणि काही वेळा काहीच कारण सापडत नाही. पण दोन कारणं सगळ्यांत मोठी : स्टिरॉइड आणि दारू.

स्टिरॉइड म्हटलं की लगेच नाक मुरडू नका हं. दमा, ल्यूपस, मूत्रपिंडाचे काही विकार, कातडीचे गंभीर आजार यांत या औषधांनी माणसं वाचतात. कोरोनाच्या काळात, जून २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णांना डेक्सामेथासोन हे स्वस्त स्टिरॉइड दिलं तर मृत्यू कमी होतात. त्यांनी वापरलेलं प्रमाण होतं रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. पण त्या धामधुमीत, विशेषतः २०२१ च्या लाटेत, कित्येक ठिकाणी यापेक्षा जास्त आणि जास्त दिवस दिलं गेलं.

आणि मग त्याच वर्षी मुंबईहून बातमी आली. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातले अस्थितज्ज्ञ डॉ. संजय अगरवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलै २०२१ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात तीन रुग्णांची हकीकत छापली. तिघेही चाळिशीच्या आतले. कोरोनातून बरे झाले आणि मग जांघ दुखू लागली. स्टिरॉइडनंतर हा आजार दिसायला साधारण सहा महिने ते वर्ष लागतं असा आधीचा अनुभव होता. या तिघांत तो कोरोनाचं निदान झाल्यापासून सरासरी ५८ दिवसांतच दिसला. त्यांच्या पोटात गेलेलं स्टिरॉइडही (प्रेडनिसोलोनच्या मापाने) सरासरी ७५८ मिलिग्रॅम होतं, आणि आधीच्या अभ्यासांत हा आजार होणाऱ्यांच्या बाबतीत आकडा २,००० च्या आसपास असे. तिघांचं निदान लवकर झालं, म्हणून औषधोपचार वेळेवर सुरू करता आला.

तेव्हा घरात ज्यांना स्टिरॉइडचा मोठा कोर्स झाला आहे, त्यांचे कागद रद्दीत घालू नका. प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, डिफ्लाझाकॉर्ट ही नावं औषधाच्या पाकिटावर दिसली, तर कधीपासून कधीपर्यंत आणि किती घेतलं, हे वहीत एका ओळीत लिहून ठेवा. आपण दूधवाल्याचा हिशेब ठेवतो, मग हा का नको? मात्र हा लेख वाचून कुणीही चालू असलेल्या गोळ्या एकदम बंद करू नका. तसं केल्याने जिवावर बेतू शकतं. कमी करायच्या त्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून आणि हळूहळू. दम्याच्या पंपातली मात्रा फारच थोडी असते, तो तर बिलकुल सोडायचा नाही.

आणखी एक सावधगिरी. ‘सांधेदुखीवर रामबाण’ म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या आणि काळ्या गोळ्या सासूबाईंना कुणी आणून देतं. दोन दिवसांत दुखणं पळतं, भूक वाढते, चेहरा गोल होतो आणि घरातले म्हणतात, ‘तब्येत सुधारली!’ अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. ज्या औषधावर नाव नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, ते घरात नको.

दारूविषयी काय लिहू? वर्षानुवर्षं भरपूर पिणाऱ्याच्या खुब्यालाही हाच आजार होतो. यकृताची भीती सगळे घालतात, खुब्याचं कुणी सांगत नाही. यजमानांना लेक्चर देण्याऐवजी हे पान टेबलावर उघडं ठेवलंत, तर कदाचित जास्त उपयोग होईल.

यांखेरीज अपघातात खुबा निखळला किंवा मांडीच्या हाडाची मान मोडली, तर रक्ताच्या नळ्या तुटून पुढे काही महिन्यांनी हे होऊ शकतं. सिकलसेलच्या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नळ्या तुंबवतात, त्यातही खुबा सापडतो. आपल्या नाशिक जिल्ह्यातले सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर हे आदिवासी तालुके आणि नंदुरबार जिल्हा यांत सिकलसेलचे रुग्ण आहेत. रक्ताच्या साध्या तपासणीने तो कळतो. देशभरासाठीची सिकलसेल निर्मूलनाची मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली आहे. तुमच्या घरी कामाला येणारी, त्या भागातली एखादी तरुण मुलगी लंगडत असेल, तर तिला बाम देऊन मोकळ्या होऊ नका, तपासणीला पाठवा.

आणि लहान मुलं! साधारण चार ते आठ या वयात, मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त, असाच एक आजार होतो. त्याचं नाव पर्थेस. १९१० साली अमेरिका, फ्रान्स आणि जर्मनीतल्या तीन डॉक्टरांनी एकमेकांना न विचारता त्याचं वर्णन केलं, पैकी एक हे पर्थेस. मूल लंगडतं आणि विचारलं तर गुडघा दुखतो म्हणतं. गुडघ्यात तर काहीच दिसत नाही. मग ‘शाळेला दांडी मारायची नाटकं’ म्हणून धपाटा बसतो. आम्ही शिक्षिकांनी आणि तुम्ही आयांनी एवढं लक्षात ठेवावं : जे मूल आठवडाभर लंगडतं, त्याचा खुबा तपासायचा.

‘कंबर दुखते’ एवढंच सांगू नका

आपल्या बोलण्यात एक गंमत आहे. पाठीच्या खालपासून मांडीपर्यंत काहीही दुखलं, की आपण म्हणतो ‘कंबर दुखते’. डॉक्टर मग मणक्याकडे वळतात, पट्टा देतात, शेक सांगतात, आणि चार-सहा महिने त्यातच जातात. म्हणून नाव सांगू नका, बोट ठेवून दाखवा. खुब्याचं दुखणं बहुधा पुढून, जांघेत असतं. तिथून ते मांडीत उतरतं आणि कधीकधी नुसता गुडघाच दुखतो. मणक्याचं दुखणं सहसा मागून, कुल्ल्यातून पोटरीकडे जातं.

श्रावणात तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी करून आलं, की कुणाचेही पाय भरून येतात. ते दुखणं दोन्ही पायांना सारखं असतं आणि गरम पाण्याने, विश्रांतीने चार दिवसांत जातं. जे जात नाही, वाढत जातं, एकाच बाजूला राहतं आणि ज्यात पाय आतल्या बाजूला वळवताना कळ येते, ते दाखवायलाच हवं.

दुसरी फसगत होते ती एक्स-रेची. सुरुवातीच्या काळात एक्स-रे अगदी स्वच्छ येतो. ‘फोटोत काही नाही’ असं ऐकून घरातले सुटकेचा निःश्वास टाकतात आणि दुखणारीला ‘मनाचे खेळ’ म्हणतात. रक्त बंद पडलेला भाग सुरुवातीला दिसतो तो एम.आर.आय. या तपासणीत. म्हणून स्टिरॉइड, दारू, सिकलसेल, जुना अपघात यांपैकी काही असेल आणि जांघ दुखत असेल, तर एक्स-रे चांगला आला तरी डॉक्टरांना आपण होऊन विचारावं, ‘एम.आर.आय. करायला हवा का?’ आणि करायचाच तर दोन्ही खुब्यांचा. कारण निम्म्याहून अधिक रुग्णांत दुसऱ्या बाजूलाही हा आजार असतो, फक्त तो अजून बोलत नसतो.

सांधा वाचवण्याच्या शस्त्रक्रिया

आता मुख्य भाग. सगळ्यांत साधी आणि सगळ्यांत जास्त होणारी शस्त्रक्रिया म्हणजे कोअर डिकम्प्रेशन. मांडीच्या बाहेरच्या बाजूला लहानशी चीर देऊन, पडद्यावर एक्स-रे पाहत पाहत, हाडाच्या मानेतून मेलेल्या भागापर्यंत एक बोगदा पाडतात. कुणी एक जाड भोक पाडतात, कुणी दोन-तीन बारीक. हाडाच्या आत वाढलेला दाब त्यामुळे उतरतो आणि नव्या रक्तवाहिन्यांना आत शिरायला वाट मिळते. कुकरची शिट्टी उचलून वाफ जाऊ द्यावी, तसं. हिचा शोधही मजेशीर आहे. १९६० च्या दशकात फ्रान्समध्ये तुलूझ इथले फिकात आणि आर्ले हे डॉक्टर निदानासाठी हाडाचा तुकडा काढत, आणि नुसत्या तेवढ्यानेच रुग्णांचं दुखणं कमी होऊ लागलं! निदानाची रीत मग उपचार झाली.

पुष्कळदा त्या बोगद्यात कमरेच्या हाडातून काढलेला हाडाचा चुरा किंवा रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी भरतात. जाहिरातींत ‘स्टेम सेल’ म्हणून मोठमोठ्या अक्षरांत जे असतं, त्यातलं बरंचसं हेच. त्यात तथ्य आहे, पण चमत्कार नाही. कुणी चमत्काराची हमी देऊन भरमसाट पैसे मागत असेल, तर दुसऱ्या अस्थितज्ज्ञांचं मत घ्या.

मेलेला भाग मोठा असला, तर नुसतं भोक पाडून भागत नाही, आतून टेकू द्यावा लागतो. पायाच्या नडगीशेजारी जे बारीक हाड असतं, त्याचा तुकडा रक्तवाहिन्यांसकट काढून खुब्यात बसवतात आणि त्या वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली तिथल्या वाहिन्यांना जोडतात. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात डॉ. अर्बानियाक यांनी १९७९ पासून ही शस्त्रक्रिया केली. ती बरेच तास चालते आणि त्यासाठी फार सरावलेले हात लागतात. आपल्याकडे कोलकात्याच्या डॉ. बक्षी यांनी वेगळी वाट धरली. खुब्याजवळच्या स्नायूला चिकटलेला हाडाचा तुकडा त्या स्नायूसकट सरकवून गोळ्यात बसवायचा. स्नायू सुटत नाही, त्यामुळे त्यातून येणारं रक्तही तुटत नाही. मोगऱ्याचं दाब कलम करतो ना आपण, फांदी मूळ झाडापासून न तोडता? तोच विचार. १९९१ साली त्यांनी हे अनुभव ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केले.

तिसरा प्रकार ऐकून माझ्या डोळ्यांसमोर आजीचं दंड घातलेलं लुगडंच आलं. लुगडं मधे विरलं, की ते टाकून देत नसत. विरलेला भाग कापून चांगल्या बाजू पुढे आणून शिवत आणि आणखी दोन वर्षं काढत. इथे हाड कापून गोळा असा फिरवतात, की मेलेला भाग भाराखालून बाजूला जातो आणि चांगला भाग भार घेतो. १९७० च्या दशकात जपानच्या डॉ. सुगिओका यांनी गोळा फिरवण्याची रीत बसवली. ही अवघड शस्त्रक्रिया आहे, मोजक्याच ठिकाणी होते, आणि रुग्ण तरुण असून चांगला भाग पुरेसा शिल्लक असेल तरच.

औषधांचं काय? हिंदुजाच्या ज्या डॉक्टरांचा उल्लेख वर केला, त्यांनी अनेक वर्षं अ‍ॅलेंड्रोनेट या औषधाचा या आजारात अभ्यास केला आहे. पाळी गेल्यावर ठिसूळ होणाऱ्या हाडांसाठी देतात, तेच हे औषध. मेलेलं हाड शरीराने फार घाईने काढून टाकू नये आणि नवं हाड येईपर्यंत गोळा तग धरून राहावा, असा त्यामागचा विचार. सगळ्या डॉक्टरांचं यावर एकमत नाही, पण आपल्याकडे ते बरंच वापरलं जातं. ते घ्यायचं तर उपाशीपोटी, भरपूर साध्या पाण्याबरोबर (चहाबरोबर नव्हे) आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला इजा होते. दात काढायचा असेल किंवा दिवस राहण्याचा विचार असेल, तर डॉक्टरांना आधी सांगायचं.

आता खरं तेही सांगायला हवं. या शस्त्रक्रिया दर वेळी यशस्वी होतात असं नाही. मेलेला भाग लहान, गोळा अजून गोल, आणि मूळ कारण थांबलेलं, अशा वेळी यश चांगलं मिळतं. भाग मोठा असेल आणि चंद्रकोर दिसू लागली असेल, तर कमी. गोळा चपटा झाल्यावर बोगदे पाडून काही उपयोग नाही, तिथे सांधा बदलणंच शहाणपणाचं, आणि ती शस्त्रक्रियाही आज फार चांगली होते. मग एवढा खटाटोप कशाला, असं विचाराल. वयासाठी. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, बदललेल्या दहा खुब्यांपैकी सुमारे सहा २५ वर्षं टिकलेले आढळले. साठीतल्या आजींना हे पुरेसं आहे. पस्तिशीतल्या बाईला पुन्हा एकदा टेबलावर जावं लागण्याची शक्यता राहते. स्वतःच्या सांध्यावर जितकी वर्षं निघतील, तितकी हवीतच.

विचारायचे प्रश्न आणि घरची तयारी

डॉक्टरांकडे जाताना हे प्रश्न चिठ्ठीवर लिहून न्या : गोळा अजून गोल आहे का? मेलेला भाग केवढा आणि भाराच्या जागी आहे का? दुसरी बाजू पाहिली का? तुम्ही सुचवता ती शस्त्रक्रिया तुम्ही वरचेवर करता का? किती दिवस पाय टेकायचा नाही?

खर्चाचंही आधीच विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयांत ‘आरोग्यमित्र’ बसतात. शस्त्रक्रियेचं नेमकं नाव डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि ती योजनेच्या यादीत आहे का, हे त्यांच्याकडून दाखल होण्याआधी तपासून घ्या. ही योजना सर्वच कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय शासनाने २०२३ मध्ये घेतला, तेव्हा ‘आपलं रेशनकार्ड पांढरं’ म्हणून विचारायचंच नाही, असं करू नका.

साध्या कोअर डिकम्प्रेशननंतर एक-दोन दिवसांत घरी सोडतात. पण साधारण सहा आठवडे कुबड्या घेऊन, पायावर पूर्ण भार न देता चालावं लागतं. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर काही महिने. भोक पाडलेलं हाड या काळात कच्चं असतं. पडलं तर तिथेच मोडतं, म्हणून घरात एवढं करा :

जमिनीवरच्या सतरंज्या, पायपुसणी आणि लोंबणाऱ्या वायरी उचला.

न्हाणीघरात ओलं राहू देऊ नका. आंघोळीला पाठ असलेली खुर्ची ठेवा. बिनपाठीचं स्टूल घसरतं.

भारतीय पद्धतीचा संडास असेल, तर वर ठेवायची कमोडची खुर्ची मिळते. ती शस्त्रक्रियेच्या आधी आणा, नंतर धावपळ होते.

मांडी घालणं, उकिडवं बसणं, खालून जड बादली उचलणं बंद. पोळ्या लाटायच्याच असतील, तर डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर, उंच खुर्चीत ओट्याशी बसून.

जिना शक्यतो नकोच. चढावाच लागला तर चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी कुबड्या आणि दुखरा पाय.

पुढे कुबड्या सुटून काठी आली, की काठी दुखऱ्या बाजूच्या नव्हे, दुसऱ्या हातात धरायची. त्याने खुब्यावरचा भार खरोखर हलका होतो.

‘परीक्षा झाल्या की बघू’

आता शेवटचं, आणि मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते. यजमानांची जांघ दुखली, तर दुसऱ्या दिवशी आपणच त्यांना डॉक्टरांकडे नेतो. आपली दुखली तर? आधी गौरी-गणपती. मग दिवाळीचा फराळ. मग नणंदेच्या मुलीचं लग्न, मुलांच्या परीक्षा, सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. ‘सहा आठवडे मी पलंगावर बसले तर घर कोण बघेल?’ हा प्रश्न खोटा नाही. म्हणून तर तो पुढे ढकलला जातो. दुसरी काही दुखणी आपला हा उशीर सोसून घेतात. हे एक सोसत नाही. दिवाळीला गोल असलेला गोळा वैशाखापर्यंत गोल राहीलच, याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

तेव्हा घर कोण बघेल, याचं उत्तर आधीच शोधून ठेवायचं. कागद घ्या आणि तुम्ही सकाळी उठल्यापासून करता ती कामं एकाखाली एक लिहा. यजमान, मुलं, जाऊबाई, कामाच्या मावशी यांची नावं समोर घाला. डबा पोळी-भाजी केंद्रातून आला, तर आभाळ कोसळत नाही. बारा वर्षांच्या मुलाला कुकर लावता येतो, एकदा शिकवावा मात्र लागतो. सासूबाईंना आधी विश्वासात घ्या. ‘सहा आठवडे तुम्ही सांभाळलंत, तर पुढची वीस वर्षं मी माझ्या पायावर उभी राहून तुमचं करीन,’ असं सांगितलं तर कुठली सासू नाही म्हणेल? आणि म्हणालीच, तर यजमानांनी एक दिवस सगळी कामं करून पाहावीत, म्हणजे हिशेब आपोआप कळेल!

शाळेत आम्ही मुलींना सांगतो, पेपर कठीण वाटला तरी वेळेत सोडवायला घ्या, शेवटची घंटा झाल्यावर उत्तर आठवून उपयोग नाही. जांघेचं दुखणं महिन्याच्या वर गेलं असेल, तर याच आठवड्यात अस्थितज्ज्ञांची वेळ घ्या. जाताना जुने कागद आणि प्रश्नांची चिठ्ठी पिशवीत टाका, आणि बरोबर कुणालातरी न्याच.